कॅरी ऑनमधला तो घाबरट पाद्री कोण? (आणि मागच्या रांगेतली बाकीची मंडळी)

पडवीतली_खुर्ची
मंडळी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सक्तीची विश्रांती चालू आहे. टीव्ही आणि मी, तिसरं कोणी नाही. परवा रात्री 'कॅरी ऑन' या इंग्रजी विनोदी सिनेमांच्या मालिकेतला 'कॅरी ऑन... अप द खैबर' बघितला, १९६८चा. शेवटी गव्हर्नरच्या बंगल्यावर पठाणांचा (सिनेमातले 'बर्पा') हल्ला होतो. बाहेर तोफा, आत साहेबलोकांचं जेवण. छत कोसळतंय, भिंतींना भगदाडं पडतायत, वाद्यवृंद वाजवतोच आहे, आणि ही मंडळी सूप पीत हवापाण्याच्या गप्पा मारतायत. लेडीसाहेबांच्या केसांत गिलावा पडतो, त्यावरही त्या विनोद करतात. पूर्ण टेबलावर एकच माणूस घाबरलेला असतो, तो पाद्री. एवढुसा जीव, गोल चेहरा, प्रत्येक धमाक्याला टेबलाखाली जाऊ का वर राहू अशी अवस्था. मी हसून हसून टाके उसवायच्या बेतात आलो.

तर प्रश्न असा: तो कोण? सिड जेम्स माहीत आहे, केनेथ विल्यम्स माहीत आहे. या दोघांवर आणि बार्बरा विंडसरवर पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे या धाग्यात त्या तिघांना बंदी. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्यांबद्दल लिहा. तुमचा आवडता कोण आणि का?

तिसरी_घंटा
पीटर बटरवर्थ. पात्राचं नाव ब्रदर बेल्चर. सोळा कॅरी ऑन सिनेमे केले या गृहस्थांनी आणि एकाच्याही पोस्टरवर त्यांचं नाव पहिलं आलं नाही. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, रात्री निवांत लिहितो.

चहाबाज
कॅरी ऑन म्हणजे ते चावट इंग्रजी सिनेमे ना? आमचे तीर्थरूप व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणायचे, दहा मिनिटांनी "हे लहान मुलांचं नाही" म्हणून बंद करायचे, आणि आम्ही झोपलो की स्वतः पूर्ण बघायचे. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा. त्यामुळे माझ्यासाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता म्हणजे बाबा.

ठाणेकर_मावशी
@चहाबाज, हसून हसून पुरेवाट!

माझं मत हॅटी जेक्स. ती मेट्रन! कडक इस्त्रीचा पोशाख, डोक्यावर टोपी, वॉर्डात पाऊल टाकलं की पेशंट आपोआप सरळ झोपतात. मी स्वतः तीस वर्षं नर्सिंग केलं आहे. आमच्या पहिल्या मेट्रन अश्शाच होत्या, फक्त विनोद नव्हता. हॅटीचं वैशिष्ट्य असं की ती कडक असताना हास्यास्पद होत नाही. तिच्यासमोरचे डॉक्टर होतात.

कडक_इस्त्री
माझ्या आयडीचा उल्लेख झाल्यामुळे आलो.

मावशी, हॅटी जेक्स सहायक कशी काय? 'कॅरी ऑन कॅबी'त (१९६३) ती सरळसरळ नायिका आहे. नवरा सिड जेम्स टॅक्सी कंपनीत इतका बुडालेला की लग्नाचा वाढदिवस विसरतो. मग ही गुपचूप फक्त बायका चालवतील अशी टॅक्सी कंपनी काढते आणि नवऱ्याचा धंदा बसवते. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यात सुबक सिनेमा तोच.

ठाणेकर_मावशी
एका सिनेमात नायिका, तेरा सिनेमांत नाही. चौदापैकी एक म्हणजे सहायकच. आणि कॅबी मलाही आवडतो, त्यामुळे भांडू नका.

अर्धवट_प्रवासी
काही नवीन लोकांसाठी माहिती: पहिला 'सार्जंट' १९५८, शेवटचा 'कोलंबस' १९९२. मधे चौदा वर्षांची सुट्टी. जुन्या तुकड्यांची जोडणी करून केलेला १९७७चा एक धरला तर एकूण ३१. निर्माता पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेराल्ड टॉमस, सगळे सिनेमे याच दोघांचे. चित्रीकरण पाइनवूड स्टुडिओत, बहुतेकदा सहा आठवड्यांत उरकलेलं. काही वर्षी दोन-दोन, तीन-तीन सिनेमे. ही नाटक कंपनीच होती, फक्त दौरा स्टुडिओच्या आवारातल्या आवारात.

गाववाला_गणपा
लई भारी धागा. म्या एकच बघितलाय, तो क्लिओपात्रावाला. त्यात एक गडी चौकोनी चाक बनवतो. त्यो कोण? आमच्या गावात त्याचा सख्खा भाऊ हाय, सुतार हाय.

तिसरी_घंटा
@गणपा, तो 'कॅरी ऑन क्लिओ'. आणि तो गडी केनेथ कॉनर. पात्राचं नाव हेंगिस्ट पॉड. सतरा कॅरी ऑन. सुरुवातीच्या सिनेमांत तो चक्क नायकाच्या जवळपास असायचा: घाबरट, लाजरा, बाई दिसली की घशाला कोरड पडणारा. नंतर वय वाढलं तसा लंपट म्हातारे, महापौर वगैरे करू लागला. 'कॅरी ऑन गर्ल्स'मधला महापौर, ज्याची विजार ऐन मोक्याला खाली येते, तोही हाच. पुढे 'अलो अलो' मालिकेत तो दुबळ्या हृदयाचा अंत्यविधीवाला मोस्यू आल्फॉन्स, तोही हाच.

आता बटरवर्थ. जरा लांबण लागेल.

दुसऱ्या महायुद्धात बटरवर्थ नौदलाच्या हवाई शाखेत होते. १९४० साली विमान पाडलं गेलं, जर्मनांच्या हाती सापडले. पुढे स्टालाग लुफ्ट ३ या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. तिथे टॅलबट रॉथवेल नावाचा हवाई दलातला दुसरा कैदी भेटला. दोघांनी मिळून छावणीत करमणुकीचे कार्यक्रम सुरू केले. बटरवर्थ त्याआधी कधी रंगमंचावर गेलेले नव्हते, पहिलं पाऊल काटेरी कुंपणाच्या आत पडलं. या कार्यक्रमांचा दुसरा उपयोग असा की वर गाणी आणि टाळ्या जोरात चालू असल्या की खाली भुयार खणण्याचा आवाज पहारेकऱ्यांना जात नसे.

याच छावणीतून १९४३ मध्ये ती प्रसिद्ध सुटका झाली. कैद्यांनी व्यायामासाठी लाकडी घोडा केला होता, उड्या मारायचा. रोज तो उचलून कुंपणाजवळ नेऊन ठेवायचा. वरून लोक उड्या मारतायत आणि आत लपलेला माणूस खाली भुयार खणतोय. तीन जण त्या वाटेने निसटले. वरून उड्या मारणाऱ्यांत बटरवर्थ होते.

युद्धानंतर या घटनेवर १९५० मध्ये सिनेमा निघाला. बटरवर्थ त्यात काम मागायला गेले. त्यांना नकार मिळाला. कारण काय, तर हे युद्धवीर वाटत नाहीत, उड्या मारणारे तर नाहीतच.

आणि रॉथवेल? तो पुढे कॅरी ऑनचा लेखक झाला. 'कॅबी'पासून वीस सिनेमे त्याने लिहिले. 'काउबॉय'च्या वेळी (१९६५) जुना छावणीतला मित्र आला, तो मग राहिलाच.

स्लाऊवाली
बाप रे. हे माहीत नव्हतं. म्हणजे तोफांच्या आवाजाला टेबलावर दचकणारा तो एकटा, आणि खऱ्या तोफा ऐकलेलाही तोच.

तिसरी_घंटा
त्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ऐकल्या होत्या हो, म्हणून एवढं काव्य नको करायला. पण दचकणं मात्र त्याच्याइतकं कोणाला जमलं नाही हे खरं.

वरणभात_विथ_तूप
काडी सारतो. अप द खैबर बघून मला तर लाज वाटली. गोऱ्यांनी तोंडाला तपकिरी रंग फासून पठाण आणि संस्थानिक व्हायचं, नावं काय तर बंगडित दिन आणि राजकन्या जेल्ही. आपण यावर हसायचं?

पडवीतली_खुर्ची
येणार होताच हा मुद्दा. मला वाटतं सिनेमाची मुख्य टिंगल इंग्रजांचीच आहे. अख्खी स्कॉटिश पलटण (नाव 'थर्ड फुट अँड माउथ', म्हणजे गुरांचा लाळ्या-खुरकूत!) शत्रूला घाबरवते कशाने, तर घागऱ्याखाली काही घालत नाहीत या अफवेने. आणि एक जण थंडीमुळे आत चड्डी घालतो म्हणून साम्राज्य धोक्यात येतं. यात मान कोणाची गेली?

वरणभात_विथ_तूप
मान कोणाची गेली हे ठीक, पण रंग कोणी फासला? त्या काळी लंडनमध्ये आपले नट नव्हते असं नाही.

कडक_इस्त्री
वरणभात यांच्याशी अर्धा सहमत. बर्नार्ड ब्रेसलॉची गोष्ट सांगतो, दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. सहा फूट सात इंच उंच माणूस, नाट्यशिक्षण लंडनच्या 'राडा' या नामांकित नाट्यशाळेत, पण टीव्हीवर एका मठ्ठ शिपायाच्या भूमिकेने नाव झालं आणि तोच शिक्का बसला. खैबरमधला बंगडित दिन तोच. 'अप द जंगल'मध्ये (१९७०) त्याला आफ्रिकी वाटाड्या केला. असं सांगतात की पठ्ठ्याने हमालांना हुकूम द्यायचे म्हणून खरी एन्डेबेले भाषा घोकून ठेवली. सेटवर आला, हुकूम सोडले, समोरचे सगळे मख्ख. कारण एक्स्ट्रा नट सगळे वेस्ट इंडीजचे! भाषा ओळखली एकट्या सिड जेम्सने, कारण तो मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. आता यात अज्ञान कोणाचं, मेहनत कोणाची आणि विनोद कोणावर, तुम्हीच ठरवा.

(बंदी घातलेल्याचं नाव आलं, धागाकर्त्यांनी माफ करावं.)

ठाणेकर_मावशी
मला तो जेन्टल जायंटच वाटायचा. त्याचा शेवटही रंगभूमीवरच. १९९३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या खुल्या नाट्यगृहात शेक्सपिअरचं नाटक चालू होतं, प्रयोगाआधी रंगपटातच हार्ट अटॅक. शिपाई करून शेवटी शेक्सपिअरला पोचला.

देवळालीकर
ब्राऊनफेसवरून (तोंडाला तपकिरी रंग फासण्यावरून) आठवलं, आणि हा विषय माझ्या घरचा आहे म्हणून बोलतो. विंडसर डेव्हिस. 'कॅरी ऑन बिहाइंड' (१९७५) आणि 'इंग्लंड' (१९७६) या दोनच सिनेमांत होता, पण भारदस्त. ब्रिटिशांना तो माहीत आहे 'इट एन्ट हाफ हॉट मम' या बीबीसी मालिकेतला गुरगुरणारा सार्जंट मेजर म्हणून. ही मालिका घडते कुठे? आमच्या देवळालीत! महायुद्धाच्या शेवटी देवळालीच्या छावणीत असलेली सैनिकांची करमणूक पार्टी. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशाच पार्टीत होता.

इंग्रजीत वेडं होण्याला 'डूलॅली' म्हणतात, तो आमच्या देवळालीचाच अपभ्रंश. मुदत संपलेले सैनिक जहाजाची वाट बघत इथे महिनोन्महिने पडून असायचे, आणि उन्हाने, कंटाळ्याने, दारूने डोकी फिरायची. जुना पूर्ण वाक्प्रचार 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप! आपला ताप, तेव्हाच्या लष्करी हिंदुस्तानीतून उचललेला. माझे आजोबा कॅम्पात कामाला होते. ते म्हणायचे, गोऱ्यांना वेड इथे लागलं नाही, येतानाच घेऊन आले होते.

त्या मालिकेतही रंगीराम हा भारतीय बेअरर तोंडाला रंग लावूनच केला होता, मायकेल बेट्स या इंग्रज नटाने. गंमत म्हणजे बेट्स जन्माने झाशीचा, आणि उर्दू अस्खलित. तरीही आज बीबीसी ती मालिका दाखवायला बिचकते.

गाववाला_गणपा
म्हंजी आमच्या नाशकानं इंग्रजीला येडेपणाचा शब्द दिला? पेढे वाटा रं!

चहाबाज
नाशिकने द्राक्षं दिली, वाइन दिली, डोकं फिरणं ओघाने आलंच.

स्लाऊवाली
अवांतर: खैबर पास या नावातच विनोद आहे हे मला इथे येऊन दहा वर्षांनी कळलं. ऑफिसात एकाने सांगितलं की लंडनच्या पूर्व भागात यमकी सांकेतिक बोली आहे. खरा शब्द बोलायचा नाही, त्याच्याशी यमक जुळणारा वाक्प्रचार बोलायचा आणि त्यातलाही यमकाचा शब्द गाळायचा. 'खैबर पास' कशाशी जुळतं ते शोधा. इथे लहानथोर वाचतात म्हणून लिहीत नाही. एकदा कळलं की सिनेमाचं नाव वाचून पुन्हा हसू येतं.

मी स्लाऊत राहते, पाइनवूड आमच्यापासून जवळच. या लोकांनी दूर जायचा कंटाळा केला, त्यामुळे आमच्या आसपासचा सगळा परिसर कॅरी ऑनमध्ये आहे. मेडनहेडचा टाउन हॉल म्हणजे 'कॅरी ऑन डॉक्टर'मधलं हॉस्पिटल. 'फॉलो दॅट कॅमल'चं सहारा वाळवंट म्हणजे ससेक्सचा कॅम्बर सँड्सचा समुद्रकिनारा, आणि तिथे शूटिंगच्या वेळी बर्फ पडला. खैबर खिंड म्हणजे वेल्समधला स्नोडनचा डोंगर, आम्ही मुलांना घेऊन वॉटकिन पाथने गेलो होतो. पाऊस असा की खिंड सोडा, पुढचा माणूस दिसेना. नवरा म्हणाला, "अफगाणिस्तान बघ, कसं सह्याद्रीसारखं आहे." आणि 'कॅम्पिंग' उन्हाळ्यातला सिनेमा, पण चित्रीकरण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. चिखलावर हिरवा रंग फवारून गवत केलं. त्या पोरींनी बिकिनीत ते कसं काढलं असेल देवाला ठाऊक.

आता उत्तर देते: जोन सिम्स. चोवीस सिनेमे, बायकांत सगळ्यात जास्त. एसेक्समधल्या लेन्डन स्टेशनच्या स्टेशनमास्तरांची मुलगी. तिच्यासारखी अष्टपैलू दुसरी नाही. 'नर्स'मध्ये धांदरट शिकाऊ परिचारिका, क्लिओमध्ये सीझरची त्रासलेली बायको, 'हेन्री'त लसूण खाणारी राणी, 'अब्रॉड'मध्ये नवऱ्याला धारेवर धरणारी कजाग बाई. आणि खैबरमध्ये केसांत गिलावा पडलेली लेडीसाहेब तीच. तो 'प्लॅस्टर्ड'चा विनोद (गिलावा लागलेली आणि दारू चढलेली, दोन्ही) मराठीत आणता येईना, पण तिच्या चेहऱ्यावर मराठीतही कळतो.

वरणभात_विथ_तूप
जोन सिम्सला +१. हे मान्य. 'रिगार्डलेस'मध्ये वाइन चाखायचा प्रसंग आहे. सांगतात की दिग्दर्शकाने तिला न कळू देता पेल्यात जिन भरली होती. घोट घेतल्यावर जो चेहरा होतो तो अभिनय नव्हे.

पडवीतली_खुर्ची
बघा, वरणभात पण हसले. धागा यशस्वी.

मुक्काम_पोस्ट_पुणे
सगळं ठीक, पण हा प्रकार म्हणजे आपल्या दादा कोंडक्यांची इंग्रजी आवृत्तीच ना? द्वयर्थी संवाद, सेन्सॉरला चकवा, समीक्षकांनी नाकं मुरडायची आणि थिएटरबाहेर रांगा.

तिसरी_घंटा
वरवर बघता हो. पण मोठा फरक आहे. दादांच्या सिनेमात दादा मध्यभागी, बाकी सगळं त्यांच्याभोवती फिरतं. कॅरी ऑनमध्ये मध्यभाग असा नाहीच. ज्या सिनेमांत सिड जेम्स नाही तेही चालतात, विल्यम्स नसलेलेही चालतात. पण दुसरी फळी काढा, कोसळतं. 'फॉलो दॅट कॅमल'मध्ये अमेरिकेत चालावा म्हणून फिल सिल्व्हर्स हा अमेरिकन तारा बोलावला. तो वाईट नाही, पण वेगळ्याच सिनेमात असल्यासारखा दिसतो. आजूबाजूच्या लोकांना एकमेकांचं टायमिंग दहा-दहा सिनेमांतून अंगवळणी पडलेलं, पाहुण्याला ते येणार कुठून?

कडक_इस्त्री
आता पैशाचं. माझ्या व्यवसायाचा विषय. आघाडीच्या पुरुष नटांना सिनेमामागे साधारण ५,००० पौंड, बायकांना २,५००. निम्मे. बाकीच्यांना त्याहून कमी. आणि एकदाच. पुढे हे सिनेमे टीव्हीवर शेकडो वेळा दाखवले, व्हिडिओ निघाले, नटांना त्यातलं काही नाही. जॅक डग्लस ('मेट्रन'मध्ये पहिल्यांदा दिसला) त्याला तर त्या छोट्या कामाचा मोबदला म्हणून म्हणे शॅम्पेनची पेटी दिली. ज्यांच्या जिवावर मालिका चालली त्यांना नवी पाटी, नवा करार काही नाही. ही पिळवणूकच.

अर्धवट_प्रवासी
पिळवणूक म्हणताना थोडं थांबा. आधी पूर्ण पैसे ठरलेले, दरवर्षी काम नक्की, सहा आठवड्यांत मोकळं. बाकी वर्ष नाटकं, रेडिओ, टीव्ही. छोट्या नटाला यापेक्षा जास्त काय हवं असतं? सिनेमा पडला तरी त्याचे पैसे बुडत नव्हते. 'ॲट युअर कन्व्हीनियन्स' आपटला (कामगार संघटनांची थट्टा केली म्हणून नेहमीचा कामगार प्रेक्षकच रुसला), तेव्हा नुकसान निर्मात्याचं.

कडक_इस्त्री
आणि तिकडे टीव्हीचे हक्क विकले तेव्हा फायदा कोणाचा? एकतर्फी जमाखर्च मांडू नका.

अर्धवट_प्रवासी
जिम डेलने मार्ग काढलाच की. दहा कॅरी ऑन करून बाहेर पडला, अमेरिकेत गेला, 'बार्नम' या संगीतिकेसाठी १९८० मध्ये रंगभूमीचा टोनी पुरस्कार. अमेरिकेतली हॅरी पॉटरची श्राव्य पुस्तकं सगळी त्याच्या आवाजात. माझी मुलं त्याला पॉटरवाला म्हणूनच ओळखतात. मी त्यांना 'कॅरी ऑन अगेन डॉक्टर'मधला स्ट्रेचरवरून जिन्यावरून घसरणारा जिम दाखवला तर विश्वास बसेना.

कडक_इस्त्री
एक जिम डेल. आणि चार्ल्स हॉट्री?

ठाणेकर_मावशी
हॉट्रीचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी गप्प बसणार होते.

गोल चष्मा, काडीसारखी अंगकाठी, आला की नुसतं "हॅलो" म्हणायचा आणि थिएटर हसायचं. तेवीस सिनेमे. खैबरमध्ये चड्डी घालणारा शिपाई तोच. लहानपणापासून नट होता. त्याला वाटायचं की आपलं नाव पोस्टरवर वर यावं. 'क्रूझिंग'च्या वेळी (१९६२) यावरूनच त्याला वगळलं आणि त्याच्या जागी दुसरा घेतला. परत आला, पण दारू वाढत गेली. १९७२चा 'अब्रॉड' शेवटचा. त्याच वर्षीच्या नाताळच्या टीव्ही कार्यक्रमात पुन्हा नावाच्या क्रमावरून अडून बसला आणि गेला तो गेलाच. पुढे केंटमधल्या डील या समुद्रकाठच्या गावात एकटा राहिला. १९८८ मध्ये डॉक्टरांनी पाय कापावे लागतील म्हटलं, त्याने नकार दिला, आणि गेला.

तो सहायक होता की मुख्य यावर त्याचं आयुष्य गेलं, आणि आपण इथे तीच यादी करतोय. बरं नाही वाटलं मला.

पडवीतली_खुर्ची
मावशी, खरं आहे. धागा काढताना हे डोक्यात नव्हतं.

चहाबाज
वातावरण हलकं करतो. कॅरी ऑनमधून कोण कोण कुठे पोचलं याची नोंद घ्या. पहिल्या 'सार्जंट'मधला सार्जंट विल्यम हार्टनेल, पाच वर्षांनी बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतला पहिला डॉक्टर हू. क्लिओमधला भविष्यवेत्ता जॉन पर्टवी, पुढे तिसरा डॉक्टर हू. 'नर्स'मधली सिस्टर जोन हिक्सन, पुढे बीबीसीची मिस मार्पल, आमच्या घरी तीच खरी मार्पल. शर्ली ईटन 'गोल्डफिंगर' या बाँडपटात सोन्याने माखली. आणि 'नर्स'मधला तो कर्नल, ज्याला थर्मामीटरच्या जागी नर्सा डॅफोडिलचं फूल... (मावशी माफ करा) तो विल्फ्रिड हाइड-व्हाइट, म्हणजे 'माय फेअर लेडी'मधला कर्नल पिकरिंग. 'ती फुलराणी' पाहिलेल्यांनी आता नाटक आठवून गंभीर राहून दाखवावं.

ठाणेकर_मावशी
माफ केलं. त्या प्रसंगात शेवटी हॅटी जेक्स आत येते आणि "काय चाललंय?" म्हणते. कर्नल म्हणतो, तापमान बघताना पाहिलं नाही का कधी? ती म्हणते, पाहिलंय, पण डॅफोडिलने नाही. हे वाक्य आमच्या वॉर्डात वर्षभर चाललं होतं.

गाववाला_गणपा
म्या हापिसात वाचतोय आन् सायेब बघतोय.

स्लाऊवाली
पॅट्सी रोलंड्सचं नाव कोणीच घेतलं नाही! नऊ सिनेमे. बहुतेकदा कोपऱ्यातली, दबलेली, सदरा-स्वेटरमधली बाई. 'लव्हिंग'मध्ये केनेथ विल्यम्सची गबाळी मोलकरीण, आणि एकदम नटूनथटून मालकावर चालून जाते तो प्रसंग बघा. 'गर्ल्स'मध्ये महापौरांची बायको, आळसटलेली, कंटाळलेली, आणि शेवटी बंड करते. तिला बोलायला दोन ओळी दिल्या तरी तिसरी ती चेहऱ्याने बोलायची.

पडवीतली_खुर्ची
मंडळी, काल पुन्हा खैबर लावला. या वेळी जेवणाचा प्रसंग तीनदा पाहिला, फक्त बटरवर्थकडे बघत.

पहिल्यांदा मला वाटलं होतं की तो सतत काहीतरी करतोय. तसं नाही. बराच वेळ तो फक्त बघतो: या माणसाकडे, त्या माणसाकडे, छताकडे, परत माणसांकडे. याला कोणी काही का बोलत नाही, की मलाच दिसतंय हे? आणि मग धमाका झाला की एकदम कोसळतो. बाकी सगळ्यांचा विनोद त्याच्या त्या बघण्यावर उभा आहे. तो नसता तर आपल्याला वाटलं असतं की सिनेमातलं जगच असं आहे, तिथे छत पडताना सूप पितात.

आणि शेवट लक्षात नव्हता. लढाई संपते, झेंडा वर जातो, झेंड्यावर त्या वर्षीच्या देशप्रेमाच्या मोहिमेची घोषणा. मग बटरवर्थ आपल्याकडे, कॅमेऱ्याकडे वळतो आणि सांगतो की ही सगळी ठार वेडी आहेत. सिनेमाचं शेवटचं वाक्य त्याला दिलंय. ते लिहिलं रॉथवेलने. छावणीतल्या मित्राने.

देवळालीकर
ठार वेडी म्हणजे डूलॅली. आजोबा बरोबर होते.

वरणभात_विथ_तूप
पडवीतली खुर्ची, तुमच्या या प्रतिसादानंतर मी पुन्हा बघेन. रंगाबद्दलचं मत बदलणार नाही. बटरवर्थबद्दलचं बघू.

मुक्काम_पोस्ट_पुणे
मी आत्ताच बघितला. एक शंका. प्रत्येक कॅरी ऑनमध्ये कुठल्या तरी पार्टीत, दवाखान्यात, दुकानात एक उंच, बारीक, सभ्य दिसणारा माणूस दोन मिनिटं येऊन जातो. तो कोण?

तिसरी_घंटा
मायकेल नाइटिंगेल असावा. तेरा सिनेमे.

मुक्काम_पोस्ट_पुणे
तेरा?! आणि मला नाव माहीत नाही!

तिसरी_घंटा
त्याच्यासाठी दुसरा धागा काढा. इथे जागा संपत आली आणि उद्या माझा प्रयोग आहे.

गाववाला_गणपा
घंटेकाका, प्रयोगात तुमी कोन?

तिसरी_घंटा
दुसऱ्या अंकात पत्र आणून देणारा पोस्टमन.